टोमॅटोचे कॅरेट वाहायला छोटा हत्ती घ्यावा की सरळ मोठी पिकअप? सीएनजी की डिझेल? अनुभवी लोकांनी सांगा

जुन्नरी_गडी

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यातला आहे, घरची तीन एकर बागायत, त्यात उन्हाळी टोमॅटो दीड-दोन एकर असतो. आत्तापर्यंत माल भाड्याच्या गाडीनेच नारायणगावच्या मार्केटला जायचा पण सीझनला गाडीवाले अक्षरशः नाचवतात, फोन उचलत नाहीत, उचलला तर म्हणणार आधी अमक्याचा माल टाकून येतो, आणि तोवर लिलाव अर्धा उरकलेला असतो. भाडं पण कॅरेटमागे दरवर्षी वाढतंय. म्हणून यंदा घरचीच गाडी घ्यायची असं मी आणि थोरल्या भावाने ठरवलंय.

आता प्रश्न असा की भाऊ म्हणतो घ्यायचीच तर मोठी पिकअप घे, बोलेरोसारखी, एकदाच काय तो खर्च. माझं म्हणणं छोटी घ्यावी, टाटा एस म्हणजे छोटा हत्ती, नायतर मारुतीची सुपर कॅरी, ॲव्हरेज चांगलं देते, सीएनजी मिळते, हप्ता कमी बसतो. बजेट ओढूनताणून सात लाख, त्यापुढे गेलं तर बँक आहेच. शोरूमवाला सीएनजीचं ॲव्हरेज किलोला तेवीस किलोमीटरच्या वर सांगतोय, ते लोडवर खरंच मिळतं का? इलेक्ट्रिक पण आल्यात म्हणतात, त्यांचं काय? ज्यांनी वापरलीय त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून बघून डोकं आउट झालंय.

आळेफाटा_एक्सप्रेस

भावा, माझी पिकअप आहे १.७ टनी, आळेफाट्यावरून वाशी मार्केटला माल नेतो, माळशेजने. त्यामुळे मी पिकअपचीच बाजू घेणार हे आधीच सांगून टाकतो, पण हिशोब ऐक मग ठरव.

टोमॅटोचं कॅरेट भरलेलं वीस किलो माल अधिक कॅरेटचं वजन असं बावीस किलो धर. सुपर कॅरी पेट्रोलला कंपनी ७४० किलो लोड देते, म्हणजे तेहतीस कॅरेट. तीच गाडी सीएनजीत घेतली की टाक्यांचं वजन वाढतं आणि कागदावरचा लोड येतो ६२५ वर, म्हणजे अठ्ठावीस कॅरेट. ही गोष्ट शोरूममधला पोरगा तुला सांगणार नाही, तो फक्त ॲव्हरेज सांगतो. माझ्यात सत्याहत्तर कॅरेट बसतात कायद्यात.

आता वाशीचा जाऊन-येऊन फेरा ३२० किलोमीटर धर. छोटीला सीएनजीवर लोडमध्ये, घाट धरून १८ पडतं असं धरू (तेवीस विसरून जा, ते रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर), म्हणजे अठरा किलोच्या आत गॅस, नव्वदच्या भावाने १६०० रुपये. अठ्ठावीस कॅरेटवर वाटले तर कॅरेटमागे ५७ रुपये. माझी १२ चं ॲव्हरेज देते, सत्तावीस लिटर डिझेल, २४०० रुपये, पण ते सत्याहत्तर कॅरेटवर वाटले जातात, ३१ रुपये. आता बोल ॲव्हरेज कुणाचं चांगलं. गाडीचं ॲव्हरेज नाही बघायचं, कॅरेटचं बघायचं.

हप्ता_सम्राट

वरच्या दादांनी हप्ता कुठं धरलाच नाही हिशोबात 😄 डिझेल आणि गॅसवरच गाडी चालते वाटतं आळेफाट्याला

आळेफाटा_एक्सप्रेस

धरतो की. पण हप्ता फेऱ्यांवर वाटला जातो, महिन्याला किती फेरे मारणार ते त्याने सांगितलंच नाही अजून. आणि हे पण खरं की माझ्या गाडीत अठ्ठावीसच कॅरेट टाकले तर कॅरेटमागे ८५-८६ रुपये पडतात, म्हणजे छोटीपेक्षा महाग. माल छोटीच्या एका फेऱ्यात मावतो तोवर मोठी गाडी तोट्यात, त्याच्या वर छोटीला दुसरा फेरा लागतो आणि ती तोट्यात. तेव्हा जुन्नरी भाऊ, एका वेळी माल किती निघतो ते आधी सांग.

जुन्नरी_गडी

दादा धन्यवाद, असा हिशोब कुणी करूनच दिला नव्हता. माल म्हणाल तर तोडा चालू असताना दिवसाआड तीस-पस्तीस कॅरेट घरचे, ऐन भरात पन्नास-साठ पण होतात पण ते पंधरा-वीस दिवस. मार्केट घरापासून चौदा किलोमीटर. वाशीला आपण कधीमधीच, भाव फुटला तर. शेजारच्या दोघांचा माल मिळेल पण ते पण आपल्यासारखेच, तोडा एकाच दिवशी येतो सगळ्यांचा. बाकी वर्षभर काय, खत-औषधं आणायची, कोथिंबीर मेथी असली तर ती, आणि भाऊ म्हणतो चाकणला घरसामानाची भाडी मारू.

गॅरेज_चाकण

चौदा किलोमीटर म्हणालास आणि सगळा प्रश्नच बदलला. जाऊन-येऊन २८ किलोमीटर. छोटीला दीड किलो गॅस, १४० रुपये. मोठीला सव्वादोन-अडीच लिटर डिझेल, २१०-२२० रुपये. एका फेऱ्याला सत्तर-ऐंशी रुपयांचा फरक, चहा-वडापाव. त्यासाठी एवढी ॲव्हरेजची चर्चा करायची गरजच नाही. फरक हप्त्यात आहे. छोटीवर साडेचार लाख कर्ज काढलंस पाच वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी, तर हप्ता साडेनऊ-पावणेदहा हजार. मोठीवर साडेआठ लाख काढलंस तर अठरा हजारांच्या वर. महिन्याला साडेआठ हजारांचा फरक, आणि हा सीझन असो नसो, पाऊस पडो न पडो, भाव दोन रुपये किलो होवो, पाच तारखेला कापलाच जाणार.

२०२३ च्या जुलैत नारायणगावला कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं तेव्हा या पट्ट्यात धडाधड पिकअप उचलल्या लोकांनी. पुढच्या वर्षापासून त्यातल्या कैक गाड्या माझ्याकडे यायला लागल्या, रिपेअरिंगला नाही, "गिऱ्हाईक असेल तर बघा" म्हणून.

आता मशिनचं. रोज चौदा किलोमीटर जायचं, तासभर बंद उभी, परत चौदा यायचं, हे धुराच्या नव्या नियमाच्या, म्हणजे बीएस६ डिझेलला मानवत नाही. सायलेन्सरमध्ये काजळी धरायची जाळी असते, डीपीएफ म्हणतात, ती जळून साफ व्हायला इंजिन गरम राहून गाडी जरा सलग पळावी लागते. सारखे तोकडे फेरे मारले की काजळी साचते, डॅशबोर्डवर लाईट लागतो, पावर कमी होते, मग माणूस आमच्याकडे येतो आणि म्हणतो नवीन गाडी खराब निघाली. गाडी खराब नसते, काम चुकीचं दिलेलं असतं तिला. वाशीला जाणाऱ्या दादांना हा त्रास होणार नाही कारण त्यांची गाडी रोज हायवेला पळते.

सीएनजीचं म्हणशील तर इंजिनला काही प्रॉब्लेम नाही, कंपनी फिटेडच घे, बाहेरून किट बसवून घेऊ नको, बॉडीखाली जागा नसते आणि मग टाकी हौद्यात येते, दोन कॅरेटच्या रांगा गेल्या. सुपर कॅरी सीएनजीला पेट्रोलची टाकी फक्त पाच लिटरची असते, पंपापर्यंत जाण्यापुरती, ते पण ध्यानात ठेव. आणि घाटात लोडवर ओढायला सीएनजी पेट्रोलपेक्षा ढिली वाटते, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, त्याची सवय होते. खरी डोकेदुखी पंपावरची रांग आहे. रात्री उशिरा किंवा पहाटे भरली तर ठीक, दुपारी चारला गेलास तर तिथेच बसून टोमॅटो लाल होतील.

आणि एक हात जोडून सांगतो, पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून छोट्या गाडीत दीड टन भरायचा उद्योग करू नको. एक पाटा जास्त टाकला की मागून गाडी बसत नाही एवढंच, ब्रेक तेच राहतात, टायर तेच, हाऊसिंग तेच. २०१९ ला कायदा बदलला तेव्हापासून ओव्हरलोडला २० हजार आणि वर जादा टनाला २ हजार असा दंड लिहिलेला आहे. एकदा काट्यावर सापडलास की अख्ख्या सीझनची कमाई गेली.

सांगलीची_सुगरण

मी टोमॅटोवाली नाही, माझी बेकरी आहे, पण इलेक्ट्रिकचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. सकाळी सहाला पाव-बटर-खारी घेऊन दुकानांना टाकायचं, दहाला गाडी परत, दुपारी मैदा-तूप आणायचं, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात. आमच्याकडे आधी पेट्रोलची छोटी गाडी होती, आता इलेक्ट्रिक छोटा हत्ती आहे. रात्री लावून ठेवायची, सकाळी भरलेली. चालवायचा खर्च किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास येतो बेकरीच्या कमर्शियल मीटरवर. क्लच नाही त्यामुळे आमचा पोऱ्या खुश, शहरात थांबत थांबत जायला भारी आहे.

पण दादा, तुमच्या कामाला मला जरा शंका वाटते. एक तर कंपनी जी १५४-१५५ किलोमीटर रेंज सांगते ती लोडवर, उन्हात, चढावर तेवढी नसते, आम्ही शंभर धरून चालतो. दुसरं, तुमच्या गावात रात्री लाईट किती असते? शेतीच्या लाईनवर तर लावता येणार नाही, घरच्या मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागेल. आणि जसा तुमचा सीझन आहे तशी गाडी आठ महिने नुसती उभी राहणार असेल तर महाग बॅटरीची गाडी घेऊन काय उपयोग. इलेक्ट्रिक जेवढी जास्त फिरवाल तेवढी परवडते, उभी ठेवलीत तर तिच्याइतकी महाग गाडी नाही. आमची रोज फिरते म्हणून जमलं.

एक चांगलं म्हणजे सध्या महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला वाहनकर माफ आहे, तो पैसा सरळ वाचला.

कागदपत्रं_तपासून

सगळे गाडीचं बोलतायत, कागदाचं कुणी बोलत नाही, आणि शेतकरी माणूस तिथंच गोंधळतो. तीसेक वर्षं या लाईनीत आहे म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, ही गाडी मालवाहू म्हणूनच पासिंग होणार, पिवळी पाटी. घरच्याच मालासाठी वापरणार असलात तरी. त्यामुळे फिटनेस आला, नवीन गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. परमिटचं म्हणाल तर गाडीचं एकूण भरलेलं वजन, म्हणजे आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागतच नाही. छोटा हत्ती, सुपर कॅरी, महिंद्राची जीतो सगळ्या यात बसतात. पावणेदोन टनी पिकअप घेतलीत की ३००० च्या पुढे जाता आणि परमिट आलं, ते काढणं, रिन्यू करणं सगळं आलं. शोरूमवाला किंमत सांगतो तेव्हा हे विचारा.

कर. पूर्वी छोट्या मालगाड्यांना वार्षिक कर भरायची पद्धत होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनापर्यंतच्या मालगाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर केला. पाच लाखाच्या गाडीला पस्तीस हजार, दहा लाखाच्या गाडीला सत्तर. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यामुळे एक्स-शोरूम किमती खाली आल्यात. तेव्हा यूट्यूबवर जुन्या व्हिडिओत किंमत बघितली असेल तर ती सोडून द्या, आजचं कोटेशन घ्या, आणि ऑन-रोडचं घ्या.

इन्शुरन्स. इथं लोक चकित होतात. थर्ड पार्टीचा दर साडेसात टनापर्यंतच्या सगळ्या मालगाड्यांना एकच आहे, २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये, त्यावर टॅक्स वेगळा. म्हणजे साडेसातशे किलोच्या छोट्या हत्तीलाही तेवढाच आणि त्याच्या तिप्पट-चौपट माल वाहणाऱ्या टेम्पोलाही तेवढाच. छोटी गाडी म्हणून इन्शुरन्स छोटा येईल या भ्रमात राहू नका. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा, तो किमतीवर.

लायसन. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन असेल तरी ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, वेगळ्या बॅजची गरज नाही. पूर्वी अपघात झाला की इन्शुरन्सवाले हाच मुद्दा काढून क्लेम अडवायचे, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो वाद संपवला. भावाचं आणि तुमचं लायसन चालू आहे का तेवढं बघा, मुदत संपलेलं नको.

टेक्सासचा_नाना

मी मूळचा मंचरचा, गेली कित्येक वर्षं अमेरिकेत टेक्सासला असतो, गाड्यांचं वेड आहे म्हणून हा धागा वाचत बसलो. तुम्हा लोकांना कल्पना नाही तुम्ही किती सुखी आहात. इथं पिकअप म्हणजे घराएवढी, आणि ती घेऊन लोक एकटे ऑफिसला जातात, मागच्या हौद्यात वर्षभर काही पडत नाही. छोटी, कमी पेट्रोल पिणारी पिकअप मला घराच्या कामाला हवी होती तर बाजारात मिळेचना. १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर २५ टक्के कर आहे इथं, आणि तो लागला कशावरून तर युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर लावला म्हणून, आजही त्याला चिकन टॅक्सच म्हणतात. कोंबडीचं भांडण मिटून जमाना झाला, ट्रकवरचा कर मात्र तसाच. त्यात इंधनाचे नियम गाडीच्या आकाराप्रमाणे लावले, जेवढी गाडी लांब-रुंद तेवढी सूट जास्त, मग कंपन्यांनी गाड्या फुगवल्या. छोटी फोर्ड रेंजर २०११ ला बंदच केली होती, परत आणली ती मोठी करून.

मग फोर्डने मॅव्हरिक काढली, २०२२ चं मॉडेल, हायब्रिड, शहरात गॅलनला ४२ मैल, म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला अठराच्या जवळ, आणि सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या किंचित आत. लोकांनी उड्या टाकल्या, नंबर लागेना. म्हणजे गिऱ्हाईक होतं, गाडी नव्हती. आता तिचीही किंमत बरीच वर गेलीय. इथले काही शेतकरी तर जपानमधून जुन्या ६६० सीसीच्या छोट्या ट्रक मागवतात, पंचवीस वर्षं जुन्या झाल्या की आणता येतात, आणि त्या बघितल्या की मला सरळ आपला छोटा हत्ती आठवतो.

हप्ता_सम्राट

नाना, एक पाठवून देऊ का इथून, पंचवीस वर्षं तुम्ही थांबा 😂

टेक्सासचा_नाना

पाठव. छोटा हत्ती २००५ चा ना, म्हणजे पहिल्या लॉटमधला २०३० ला बसेल नियमात. खर्च तुझा.

जुना_सेल्समन

नानांनी २००५ चं काढलंच आहे तर थोडं त्यावर लिहितो, प्रश्नाला पण लागू आहे. मी त्या काळात एका डीलरकडे कामाला होतो. मे २००५ ला टाटा एस आली, दोन सिलेंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन, १६ हॉर्सपॉवर, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गिरीश वाघ यांच्या टीमने पुण्यात बनवलेली गाडी. तोवर तीनचाकी माल टेम्पो आणि मोठा टेम्पो यांच्या मध्ये काहीच नव्हतं. तीनचाकीवाल्याला चार चाकं मिळाली, स्टिअरिंग मिळालं, दोन माणसं केबिनमध्ये बसू लागली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पोराच्या लग्नाच्या बोलणीत "गाडी आहे" म्हणता यायला लागलं. हे मी चेष्टेने नाही सांगत, गिऱ्हाईक स्वतः बोलून दाखवायचे. २०१७ पर्यंत २० लाख गाड्या गेल्या. मागोमाग सगळे आले, अशोक लेलँडची दोस्त २०११ ला, जीतो २०१५ ला, सुपर कॅरी २०१६ ला.

मग आता प्रत्येक जण पिकअप पिकअप का करतो? एक, एप्रिल २०२० ला बीएस६ आलं. छोट्या डिझेल इंजिनाला तीच धूर साफ करायची यंत्रणा लावायची म्हटल्यावर किंमत वाढली, आणि चार-पाच लाखाच्या गाडीत पन्नास-साठ हजारांची वाढ जेवढी टोचते तेवढी दहा लाखाच्या गाडीत टोचत नाही. मारुतीने तर डिझेलच बंद केलं. छोट्या गाडीची सगळी मजा डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये होती, तीच गेली, म्हणून मग सीएनजी आलं. दोन, खालून इलेक्ट्रिक तीनचाकी आल्या, शहरातलं पाच-दहा किलोमीटरचं काम त्यांनी खाल्लं. तीन, वरून पिकअपवाल्यांनी ओढलं, रस्ते चांगले झाले, फेरे लांबले, आणि आळेफाट्याच्या दादांनी सांगितला तोच हिशोब सगळ्यांना कळला. एकच ड्रायव्हर, एकच फेरा, माल दुप्पट. साडेतीन टनाच्या आतल्या मालगाड्यांत आज निम्म्याच्या आसपास धंदा एकट्या महिंद्राचा आहे तो उगीच नाही.

आता कंपन्यांनाही कळलंय की खालचं गिऱ्हाईक हातचं चाललंय. जून २०२५ ला टाटाने एस प्रो काढली, ३ लाख ९९ हजारांपासून, म्हणजे वीस वर्षांनी परत त्याच तीनचाकीवाल्याकडे गेले. साडेसातशे किलो लोड, पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि इलेक्ट्रिक असे तीन प्रकार. इंजिन अगदी छोटं आहे, ३० हॉर्सपॉवर, तेव्हा माळशेज चढायला मी घेणार नाही, पण चौदा किलोमीटरवरच्या मार्केटला? विचार करायला हरकत नाही.

आळेफाटा_एक्सप्रेस

सेल्समन काका बरोबर बोलले, पण एक बाजू राहिली. जुन्नरी भाऊ म्हणाला ना चाकणला भाडी मारू. तिथं घरसामानाला छोटी गाडी आली की पार्टी म्हणते दोन फेरे करा आणि एकाचेच पैसे घ्या, कारण वन बीएचकेचं सामान एका छोट्या गाडीत मावत नाही. ॲपवर गाडी लावली तर भाडी मिळतात पण कमिशन कापून हातात काय राहतं ते आधी लावणाऱ्याला विचार. माझं म्हणणं, भाड्याचा धंदा खरंच करायचा असेल, म्हणजे भाऊ सकाळी सातला गाडी काढून नाक्यावर उभा राहणार असेल, तर मोठी घ्या. आणि "सीझन नसला की बघू" असं असेल तर ती भाडी हिशोबात धरूच नका. रिटर्न भाडं मिळेल म्हणून गाडी घेणारे खूप बघितले, रिकामी परत येताना डिझेल तेवढंच जळतं.

गॅरेज_चाकण

शंभर टक्के सहमत. भाऊ ड्रायव्हर आहे की शेतकरी हे आधी ठरवा, मग गाडी.

जुन्नरी_गडी

भावाला धागा वाचून दाखवला. म्हणाला नाक्यावर उभं राहायला मला वेळ कुठंय, सकाळी गोठ्याचं कोण करणार 😅 त्यामुळे भाड्याचा विषय संपला. आता छोटीवरच आलोय जवळजवळ. दोनच शंका. एक, सीएनजी की साधं पेट्रोल? दुसरी, ओळखीतल्या एकाची दोन-तीन वर्षं वापरलेली सीएनजी गाडी निघालीय, साडेतीनला देतोय, ती बघू का?

गॅरेज_चाकण

पेट्रोल घे माझ्या मते. तुझं रनिंगच इतकं कमी आहे की सीएनजीचे जादा दिलेले पैसे वसूल व्हायला वर्षं जातील, आणि लोड पण ११५ किलोने कमी होतो, म्हणजे फेऱ्यामागे पाच कॅरेट. तुझे घरचे तीस-पस्तीस निघतात ना, पेट्रोलमध्ये तेहतीस बसतात, सीएनजीत दर तोड्याला दोन ते सात मागे राहणार आणि त्यासाठी दुसरा फेरा. जागेचं पण सांगतो, सुपर कॅरीचा हौदा सात फुटाच्या थोडा वर लांब आणि पाच फुटाला जरा कमी रुंद आहे. आपलं कॅरेट पावणेदोन फूट बाय सव्वा फुटाच्या आतलं. लांबीत चार, रुंदीत चार, एका थराला सोळा. दोन थर लावलेस की बत्तीस, फाळका लावून दोरी मारली की हलत नाही. तिसरा थर लावायचा मोह होईल तेव्हा माझी पाट्यांची पोस्ट वाच.

कागदपत्रं_तपासून

जुनी गाडी बघायला हरकत नाही पण पैसे देण्याआधी एवढं करा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया देऊ नका, ओळखीतला असला तरी, ओळखीतलाच जास्त फसवतो. फिटनेस आणि इन्शुरन्सची तारीख बघा. पोर्टलवर चलन किती थकलंय ते गाडी नंबर टाकून बघा, मालगाड्यांना बरीच असतात. आणि सीएनजी आहे तर टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, टाकीवर प्लेट असते त्यावर तारीख असते. दोन-तीन वर्षांची गाडी म्हणजे टेस्ट आता तोंडावर आली असणार, तो खर्च किमतीतून कापून घ्या.

सांगलीची_सुगरण

आणि दादा, आधीचा मालक गाडीत काय वाहत होता ते पण विचारा. वाळू-विटा वाहिलेली असेल तर हौद्याचा पत्रा खालून वाकलेला असतो, वरून रंग मारला की कळत नाही. आमच्या आधीच्या गाडीत अशीच फसवणूक झाली होती, सहा महिन्यांत वेल्डिंग.

जुन्नरी_गडी

विचारलं. वाळूच वाहत होता म्हणे 🙏 जाऊ दे ती. रविवारी भावाला घेऊन शोरूमला जातोय, पेट्रोलचं ऑन-रोड कोटेशन दोन ठिकाणचं घेतो आणि इथं टाकतो, कुठं काय लपवलंय ते कागदवाल्या काकांनी बघून सांगा.

कागदपत्रं_तपासून

टाका. त्यात "हँडलिंग चार्जेस" असं काही लिहिलेलं असेल तर तिथंच खोडून घ्या. आणि इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून दर काढून जा.